पहिली-दुसरीच्या मुलांकडून मराठी वाक्यं बनवून घ्यायचीत, ऋतूप्रमाणे हाताने करायचं काहीतरी सुचवा (इंदूर)

इंदूरची_आई

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण वाचून सांगा.

आमच्या कॉलनीत दर रविवारी सकाळी आठ-दहा मुलांना घेऊन मी मराठी शिकवते. क्लास वगैरे नाही, फी नाही, आमच्याच हॉलमध्ये सतरंजी टाकून बसतो. सगळी पहिली-दुसरीची, घरात आजी-आजोबा किंवा आई-बाबा मराठी बोलणारे, पण शाळा इंग्लिश मीडियम आणि खाली खेळायला गेली की हिंदी. अक्षरांचा प्रॉब्लेम नाहीये, शाळेत हिंदी आहे त्यामुळे देवनागरी येते, फक्त ळ ला अडायची, तो पण ‘बाळ’, ‘केळं’, ‘काळा’ करत करत बसला एकदाचा. शब्द वाचतात, चित्र दाखवलं की नाव सांगतात. अडतं ते वाक्यापाशी. ‘बाहेर काय चाललंय?’ विचारलं की उत्तर ‘पाऊस’. बस. अजून थोडं ढकललं की ‘पाऊस आली’ नाहीतर ‘पाऊस होत आहे’, म्हणजे डोक्यात बारिश आहे आणि तोंडात पाऊस.

आता जून संपत आला, पाऊस सुरू झालाय, मुलं खिडकीतून हलत नाहीत, म्हणून वाटलं पावसावरूनच वाक्यं करून घेऊ आणि मग वर्षभर असंच ऋतूप्रमाणे चालवू. नेटवर शोधलं तर सगळं इंग्लिशमधलं, स्नोमॅन, भोपळे आणि ऑक्टोबरमध्ये गळणारी लाल पानं, आमच्या मुलांना ऑक्टोबरमध्ये यातलं काहीच दिसत नाही. बरं त्यातली आयडिया चांगली आहे, वाक्याच्या पट्ट्या कापायच्या, शब्द मिसळायचे आणि मुलांनी लावून चिकटवायचे. पण मराठीत करायला बसले तर कात्री कुठे चालवायची तेच कळेना. इंग्लिशमध्ये प्रत्येक शब्द सुटा असतो, आपल्याकडे ‘बेडूक पानावर बसला’ यात ‘पानावर’ एक तुकडा करायचा की दोन? दोन केले तर ‘पाना’ म्हणजे काय असं मुलं विचारणार.

तर तीन गोष्टी सांगा प्लीज. पट्ट्या कशा कापायच्या, प्रत्येक ऋतूत हाताने करायला काय काय घेता येईल, आणि चुका किती सुधारायच्या, कारण मी फार टोकलं की दोन मुलं बोलायचीच बंद होतात आणि ते मला अजिबात नकोय.

निवृत्त_बाई

अगं, मी वयाने बरीच मोठी आहे म्हणून तुला एकेरीच म्हणते, चालेल ना. इंदुरातच मराठी शाळेत खालच्या वर्गांना शिकवायचे, आता रिटायर्ड. तुझं वाचून फार बरं वाटलं.

पट्ट्या नंतर. आधी हातात वस्तू दे. मूल ‘पाऊस’ एवढंच म्हणून थांबतं कारण त्याला दुसरं काही सांगावंसं वाटतच नाही, तुला दिसतोय पाऊस, त्याला दिसतोय पाऊस, मग सांगायचं कशाला. काहीतरी घडलं पाहिजे, आणि ते त्याच्या हातात घडलं पाहिजे.

या रविवारी अळूची पानं आण. भाजीवाल्याकडे अरबी के पत्ते म्हणून माग, सध्या ढीग लागलेत. प्रत्येकाला एक पान आणि चमच्याने पानाच्या मधोमध थोडं पाणी. देठाला ओला फडका गुंडाळून दे, त्याचा चीक लागला की हात खाजतात, आणि पान तोंडात घालू देऊ नकोस. आता पान हळूहळू हलवायला सांग. पाणी पसरत नाही, मोत्यासारखा गोल थेंब होऊन इकडून तिकडे पळतो, फुटतो, दोन होतात, परत एक होतो, कडेला जाऊन टपकन् पडतो आणि पान कोरडंच्या कोरडं. तू काही विचारू नकोस, गप्प बस. बघ कशी बोलतात. ‘थेंब पळाला.’ ‘माझा थेंब मोठा आहे.’ ‘दोन थेंब झाले.’ ‘पान ओलं नाही झालं.’ कोणी हिंदीत बोललं तरी तू तेच मराठीत म्हण आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहीत जा. हीच तुझी पट्ट्यांची वाक्यं. मुलाने स्वतः बोललेलं वाक्य कापून दिलं की ते पट्कन लावतं, कारण ते त्याचंच असतं.

आता कापायचं कसं. ‘पानावर’ चे दोन तुकडे करायचे, पण ‘पान’ च्या कार्डाला दोन बाजू ठेवायच्या. पुढे ‘पान’, मागे ‘पाना’. ‘वर’, ‘खाली’, ‘त’, ‘तून’, ‘ला’, ‘ने’ ही छोटी कार्डं वेगळ्या रंगाची. नियम एकच, छोटं कार्ड शेजारी आलं की मोठं कार्ड उलटायचं आणि दोन्ही खेटून ठेवायची, मध्ये जागा सोडायची नाही. डबकं उलटलं की डबक्या, डबक्यात. पाऊस उलटला की पावसा, पावसात. बेडूक, बेडका, बेडकाला. भिंत, भिंती, भिंतीवर. छत्रीच्या दोन्ही बाजूला छत्रीच लिही, मुलं उलटून बघतात आणि ‘ही बदललीच नाही’ म्हणून ओरडतात, तेही शिकणंच आहे. याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात पण मुलांसमोर हे नाव काढू नकोस, नुसतं ‘कार्ड उलटलं’ म्हण.

आणि क्रियापदाला तीन तोंडं दे. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा तीन घड्या घालून चिकटवला की त्रिकोणी नळी होते, एका बाजूला पडला, दुसरीला पडली, तिसरीला पडलं. थेंब ठेवला की पडला वर आणायचं, गार ठेवली की पडली, पान ठेवलं की पडलं. तुझं ‘पाऊस आली’ यातूनच सुटेल बघ, कारण नळी फिरवताना मूल तोंडाने ‘तो पाऊस, तो पाऊस’ म्हणतं.

बडोद्याचा_बाबा

बाईंची कार्ड उलटायची आयडिया मस्तच, आजच करतो घरी.

आमच्या बडोद्यात गंमत वेगळी आहे. गुजरातीत पण मराठीसारखी तीन लिंगं आहेत, त्यामुळे आमची पोरं ‘पाणी आलं’, ‘फूल पडलं’ हे बरोब्बर म्हणतात, तुमच्याकडे हिंदीत तो आणि ती दोनच, तिथे ‘ते’ वाला सगळा माल घसरतो. म्हणजे इंदूरला पान, पाणी, फूल, झाड, डबकं, कणीस, धुकं असले शब्द मुद्दाम जास्त घ्यायला पाहिजेत असं मला वाटतं. आमची मुलं दुसरीकडे आपटतात. गुजरातीत मगर आला, मराठीत मगर आली.

आणि मगर हा विषय आमच्याकडे पावसाळ्यात चालतोच चालतो, विश्वामित्री नदीला पाणी चढलं की मगरी रस्त्यावर, सोसायटीत येतात, २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात तर सगळ्यांच्या मोबाइलवर तेच व्हिडिओ होते. माझा मुलगा दुसरीत आहे, त्याच्याकडून मी एरवी दोन शब्द काढू शकत नाही पण मगरीवर तो थांबतच नाही. मी काय करतो, मातीची मगर करायला देतो, पावसात माती फुकट आणि मऊ, अंगणातली काळी माती मळायची, पाठीवर काटे म्हणून काड्या खोचायच्या. मग ती मगर घरभर ठेवत फिरायचं आणि प्रत्येक जागेचं वाक्य. मगर पायरीवर बसली. मगर टेबलाखाली लपली. मगर बादलीत पडली आणि विरघळली. हे शेवटचं त्याचं स्वतःचं आहे. त्यात वर, खाली, त सगळं आपोआप येतं. तुमच्याकडे मगर नसली तर बेडूक करा.

जानेवारीसाठी एक सांगून ठेवतो, उत्तरायणात आम्ही पतंगावर वाक्य करतो. चौकोनी कागदावर ‘पतंग अडकला’ एवढंच. मग दोऱ्यावर चिमट्याने पट्ट्या लावायच्या, कुणाचा, कसा, कुठे. पट्टी लावली की सगळं परत पहिल्यापासून वाचायचं. दादाचा पतंग अडकला. दादाचा लाल पतंग अडकला. दादाचा लाल पतंग झाडावर अडकला. ‘अडकला’ कायम शेवटी, त्याला धक्का लावायचा नाही, बाकीच्यांनी आत घुसायचं. तुमची मुलं पतंगला ती म्हणतील, हिंदीत पतंग उडती है, तेवढं बघा.

ग्वाल्हेरहून

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा मराठी मिळतंय, त्यात कार्डं उलटा, नळ्या फिरवा, तो ती ते, मला हे जास्त होतंय असं वाटतं. आम्ही ग्वाल्हेरला राहतो, माझ्या दोन्ही मुली घरात नुसतं बोलून बोलून मराठी शिकल्या, आजी होती, तिला हिंदी फारसं आवडायचं नाही, पर्यायच नव्हता. वाक्य कानातून येतं, कात्रीतून नाही. आधी पोटभर बोलू द्या, गाणी म्हणू द्या, लिहिणं वर्षभर लांब ठेवलं तरी काही बिघडत नाही.

हाताने करायचंच असेल तर आमच्याकडची एक गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत इथे धुकं इतकं असतं की समोरचं घर दिसत नाही. सकाळी खिडकीच्या काचेवर आतून वाफ जमते, मुली बोटाने त्यावर चित्र काढायच्या आणि बाजूला एक वाक्य. ‘धुकं आलं.’ ‘घर हरवलं.’ काच भरली की पुसायचं, हा करून परत वाफ काढायची. पाटीच आहे ती. चूक झाली तर तीही पुसली जाते, कोणाला कळत नाही, त्यामुळे माझी धाकटी जी वहीत एक ओळ लिहायला रडायची ती काचेवर लिहायची. गजक खाऊन झाली की त्याच चिकट बोटाने लिहायची, ते मात्र पुसताना त्रास व्हायचा.

निवृत्त_बाई

काचेचं फार आवडलं, ते मी माझ्या नातवाला सांगणार. पण आजी घरात असणं आणि रविवारचा एक तास यात फरक आहे हो. तुमच्या मुलींच्या कानावर दिवसभर मराठी पडत होतं, या मुलांच्या पडत नाही. ज्याला दिवसभर ऐकायला मिळतं त्याला नळी नको, कबूल. ज्याला मिळत नाही त्याच्या हातात काहीतरी धरायला हवं. आधी बोलणं मग कार्ड, हे तर मी पण म्हणतेच आहे.

प्रायमरी_टीचर

मी इंदूरलाच एका शाळेत पहिलीला शिकवते, हिंदी मीडियम, घरी मराठी. चुका किती सुधारायच्या यावर लिहिते कारण तो तुमचा शेवटचा प्रश्न होता आणि त्याला अजून कोणी हात लावला नाही.

मूल म्हणालं ‘पाऊस आली’, तर ‘चूक, परत म्हण’ असं म्हणू नका. तुम्ही म्हणा, ‘हो ना, केवढा पाऊस आला! काल पण आला होता का?’ दोन-तीनदा बरोबर रूप त्याच्या कानावर पडलं, त्याला अडवलं नाही, गप्पा चालू राहिल्या. ज्या दोन मुलांनी बोलणं बंद केलं त्यांच्याबरोबर तर पूर्ण महिना फक्त हेच करा. आणि कार्डं लावताना जे सुधारायचं ते एका रविवारी एकच. या वेळी आला-आली-आलं धरलं असेल तर ‘डबकामध्ये’ म्हणालं तरी जाऊ द्या, त्याचा रविवार पुढे येईल. अजून एक, ‘मीने’. मीने खाल्लं, मीने पाहिलं. हिंदीतल्या मैंने वरून येतं, आमच्या घरी पण आहे. त्याच्यासाठी सोपं, ‘ने’ चं छोटं कार्ड ‘मी’ ला चिकटत नाही असा खेळ करा, ‘मी’ च्या कार्डाला बाजूने लाल पट्टी मारा, कुंपण म्हणून. आईला ने चालतं, दादाला चालतं, मी ला नाही.

मग पूर्णविराम. ही मुलं शाळेत हिंदीत उभी काडी देतात, मराठीत टिंब आहे. मी ज्वारीचे दाणे वापरते. वाक्य लावून झालं की शेवटी एक दाणा ठेवायचा. दाणा ठेवायच्या आधी बोट लावून पूर्ण वाचायचं, मगच दाणा मिळतो. एवढ्याशाने मुलं परत वाचतात आणि स्वतःच म्हणतात ‘थांबा, हे उलटं झालंय’. लिहिताना मग टिंब विसरत नाहीत.

लांबी किती असावी तर चार-पाच शब्दांच्या पुढे जाऊ नका. निपुण भारत, म्हणजे लहान मुलांच्या वाचन-गणिताची सरकारी मोहीम, जी ५ जुलै २०२१ ला सुरू झाली, आपल्याकडे एमपीत मिशन अंकुर म्हणून चालते, त्यात पण पहिलीच्या मुलाकडून चार-पाच सोप्या शब्दांचं न पाहिलेलं वाक्य वाचता यावं एवढीच अपेक्षा आहे, आणि ती शाळेत रोज शिकत असलेल्या भाषेत. तुमच्याकडे आठवड्याला एक तास आहे. तीन शब्दांचं वाक्य आलं तरी टाळ्या वाजवा.

माँटेसरीत क्रियापदाला लाल गोल लावतात आणि नामाला काळा त्रिकोण. सगळी चिन्हं नकोत, पण लाल गोल घ्या. लाल झाकण, बाटलीचं. क्रियापदावर ठेवायचं. झाकण वाक्याच्या मध्ये दिसलं की काहीतरी गडबड आहे हे मुलाला लांबून दिसतं, कारण इंग्लिश मीडियमची मुलं कधीकधी ‘मी खाल्ला आंबा’ असं इंग्लिशच्या चालीने लावतात. बोलण्यात आपण पण म्हणतो तसं, पण सुरुवातीला एकच चाल पक्की होऊ द्या.

इंदूरची_आई

केवढं लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू खरंच. बाई, अळूचं मी या रविवारी करणारच. ग्वाल्हेरच्या ताई, तुमचं पण पटतंय, पहिली पंधरा-वीस मिनिटं कागद बाहेर काढायचाच नाही असं ठरवलंय.

एक शंका, कार्डावर ‘पडलं’ लिहू की ‘पडले’? पुस्तकात पडले असतं, घरात सगळे पडलं म्हणतात. आणि बाई, वर्षभराचं पण थोडं सांगा ना, इंदूरच्या हिशोबाने.

निवृत्त_बाई

‘पडलं’ लिही. जे कानाला येतं तेच डोळ्याला दिसू दे. पुढे पुस्तक वाचायला लागली की ‘पडले’ दिसेल तेव्हा सांग की पुस्तकात असं लिहितात, दोन मिनिटांत कळतं त्यांना. बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर पीडीएफ फुकट मिळतात, चित्रांसाठी घे. आणि स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवर मराठी गोष्टी लेव्हलप्रमाणे लावलेल्या आहेत, पहिल्या लेव्हलला एका पानावर जेमतेम एक-दोन ओळी, त्या या वयाला बरोबर बसतात.

वर्षभराचं म्हणशील तर पावसाळ्यात अळू, माती, भुट्टा. भुट्टा सोलायला दे, आतले केस हाताला लागले की वर्णनाची वाक्यं निघतात, मऊ आहे, ओलं आहे, केस सोनेरी आहेत. भाद्रपदात गणपती तर आहेतच, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघून आलेली मुलं दुसऱ्या दिवशी बोलायला उतावीळ असतात, तो रविवार सोडू नकोस. पितृपक्षात आपल्या माळव्यात मुली संजा मांडतात, भिंतीवर शेणाने आणि फुलांनी, आता शेण कॉलनीत कुठे मिळणार, पुठ्ठ्यावर पाकळ्या चिकटवून करा, चंद्र, सूर्य, रोज नवीन आकृती आणि शेवटी किल्लाकोट नावाची मोठी आकृती. प्रत्येकाने आपण काय चिकटवलं ते सांगायचं. ‘मी चंद्र केला.’ ‘मी पान केलं.’ ‘मी पायरी केली.’ तुझी नळी इथे पण फिरते. दिवाळीत किल्ला, त्यावर काय कुठे ठेवलं. थंडीत गराडू (तो तळून खायचा कंद), तिळगूळ, संक्रांतीला गिल्ली-दांडू.

रंगपंचमीचं मात्र नीट कर, आपल्या इंदूरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, मुलांनी टीव्हीवर का होईना पाहिलेली असते, टँकरमधून रंग उडतो, राजवाड्यासमोर माणूस ओळखू येत नाही. रंगांची वाक्यं करायला याच्यासारखा दिवस नाही. एका मोठ्या कागदावर माणूस काढ, साधा, टोपी, शर्ट, नाक, हात, बूट. वाट्यांमध्ये हिरवा, पिवळा, निळा, लाल, गुलाबी रंग. मुलाने अंगठा बुडवून कुठेतरी ठसा मारायचा आणि बोलायचं. शर्ट हिरवा झाला. टोपी हिरवी झाली. नाक हिरवं झालं. नुसत्या एका हिरव्या रंगात तिन्ही आली बघ. पिवळा, निळा तसेच बदलतात. मग लाल आणि गुलाबी घे, नाक लाल झालं, टोपी लाल झाली, लाल बदलतच नाही. हे मुलं स्वतः शोधून काढतात, तू आधी सांगून टाकू नकोस, त्यांचा आनंद जाईल. माझ्या वर्गात एकाने ‘गुलाबं नाक’ म्हटलं होतं, सगळे थांबले, तोंडात घोळवून बघितलं आणि स्वतःच म्हणाले, नाही बाई, बरं नाही लागत.

आणि चैत्रात पन्हं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू तुमच्याकडे असेलच कोणाकडे तरी. आदल्या दिवशी कैरी तू उकडून ठेव, गॅसपाशी मुलं नकोत. बाकी सगळं त्यांच्या हातून. साल काढायची, गर कुस्करायचा, गूळ घालायचा, पाणी ओतायचं, वेलची, किंचित मीठ. प्रत्येक मुलाला एक काम. पन्हं झालं की पिण्याआधी कोणी काय केलं ते क्रमाने सांगायचं आणि तू पट्ट्या लिहायच्या. ‘मी साल काढली.’ ‘मी गर कुस्करला.’ ‘मी पाणी ओतलं.’ मग पट्ट्या मिसळून टाक आणि क्रम लावायला दे. पाण्याच्या आधी वेलची आली तर काही नाही, पण गर कुस्करायच्या आधी साल काढलीच पाहिजे, यावर भांडतात आणि भांडताना पूर्ण वाक्यं बोलतात. ‘आधी’, ‘मग’, ‘नंतर’ ही कार्डं तेव्हाच काढ, त्यांना तेव्हा ती लागतात.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी महाराष्ट्रात कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर असंच आसपास मिळेल त्यातून शिकवलं, पानं, बिया, दगड. महागडं साहित्य लागत नाही याला.

इंदूरची_आई

केलं हो अळूचं! हॉलमध्ये पाणीच पाणी झालं, पण काय बोलली मुलं. कागद भरला. त्या दोन गप्प मुलांमधली एक, तिने पान इतकं सावकाश वाकडं केलं की थेंब कडेवर येऊन थांबला, पडेना, आणि ती कुजबुजली, ‘थेंब पडत नाही, तो घाबरला.’ मी तेच वाक्य पट्टीवर लिहिलं तर ती पट्टी सोडायलाच तयार नाही, घरी घेऊन गेली. तिची आई सांगत होती फ्रिजवर लावलीय.

कार्ड उलटणं पण जमलं, डबक्यात ला सगळ्यात जास्त हसले. ज्वारीच्या दाण्यासाठी तर रांग लागली.

पण एक नवीन गोष्ट लक्षात आली. एक मुलगा आहे, तो सगळं बरोबर बोलतो पण ‘मी आले’, ‘मी जाते’, ‘मी खेळते’ म्हणतो. घरी मराठी बोलणारी फक्त आई, बाबा हिंदी भाषिक आहेत. बाकीची मुलं हसली तर तो ओशाळेल म्हणून मी काही बोलले नाही. याला कसं हाताळू?

प्रायमरी_टीचर

हे खूप घरांमध्ये आहे, काळजीचं अजिबात नाही. तो आईकडून शिकला आणि आई जसं बोलते तसंच हुबेहूब बोलतो, म्हणजे कान चांगला आहे. त्याला एकट्याला सांगू नका. ‘मी’ च्या कार्डाबरोबर नळी सगळ्यांना द्या, जातो आणि जाते, दोनच बाजू, आणि प्रत्येकाने आपली बाजू वर करून बोलायचं.

बडोद्याचा_बाबा

आणि एखाद्या रविवारी कोणाचे तरी आजोबा नाहीतर काका बोलवा ना सतरंजीवर. मुलांच्या कानावर पुरुषाचं मराठी पडायला पाहिजे, आमच्याकडे पण हे होतं, मी घरी असलो की मुलाचं ‘जातो’ पक्कं राहतं, टूरवर गेलो की परत ‘जाते’. मी आता फोनवर रोज त्याला विचारतो तू आज काय काय केलंस आणि मी काय केलं ते सांगतो, मी जेवलो, मी चाललो, मी दमलो.

पाऊस आहे तोवर एक खेळ करा, गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये डबकी असतील तिथे. काकांनी आधी उडी मारायची आणि मोठ्याने म्हणायचं ‘मी उडी मारतो’, मग मुलगे एकेक करून, मग तुम्ही उडी मारा, ‘मी उडी मारते’, मग मुली. उडी मारताना ओरडायचं असतं त्यामुळे कोणी कोणाला हसत नाही, सगळेच ओले झालेले असतात. नंतर वर येऊन टॉवेलने पाय पुसता पुसता तीच वाक्यं कार्डांनी लावायची.

इंदूरची_आई

माझे सासरे येतो म्हणालेत या रविवारी, उडी नाही मारणार, गुडघे दुखतात, पण ‘मी छत्री धरतो’, ‘मी बसतो’, ‘मी चहा पितो’ म्हणणार आहेत. उडीसाठी तिसऱ्या मजल्यावरचे काका तयार आहेत. मुलांना जादा कपडे आणायला सांगितलंय. कणसं पण आणून ठेवलीयत, वर आल्यावर सोलायला.